तीच भांडणं, तेच रुसवे: सायकोडायनॅमिक थेरपीत नेमकं होतं काय?

सुरंगी | सोमवार, रात्री ९.४०

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की गोव्यातल्या कितीतरी घरांत एक गोष्ट ठरल्यासारखी घडते. कामधंद्यासाठी पांगलेले भाऊ मूळ घरी जमतात, दोन दिवस हसण्याखिदळण्यात जातात आणि तिसऱ्या दिवशी तोच भाऊ रुसतो, तीच सून अबोल होते, तीच बहीण सगळ्यांची समजूत काढत फिरते. निमित्त दर वर्षी नवं, बाकी सगळं जुनंच. नोकरीत प्रत्येक साहेबाशी बिनसणारी माणसं असतात, दर वेळी दूर-दूर राहणाऱ्याच माणसाच्या प्रेमात पडणारीही असतात.

सायकोडायनॅमिक थेरपी नेमकी अशा पुन्हापुन्हा घडणाऱ्या गोष्टींवर काम करते म्हणतात. पण बहुतेक लेख "लहानपणातली मुळं शोधतात" एवढं सांगून थांबतात. त्या खोलीत प्रत्यक्ष होतं काय? आणि मूळ सापडलं म्हणून पंचेचाळिशीतल्या माणसाचं वागणं का बदलावं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. डॉक्टरांची आणि समुपदेशकांची नावं कृपया टाकू नका.

पर्वरीकर | सोमवार, रात्री १०.२५

सुरुवात मुळांपासून होत नाही, ताज्या प्रसंगांपासून होते. "माझे संबंध टिकत नाहीत" या वाक्याचं थेरपिस्टला काही करता येत नाही. गेल्या आठवड्यात कोण काय म्हणालं, त्यावर तुम्ही काय बोललात, काय गिळलंत, घरी येऊन काय केलंत, हे हवं असतं.

अमेरिकेतल्या लेस्टर लुबोर्स्की यांनी १९७० च्या दशकात यासाठी एक नेमकी पद्धत मांडली. माणसाकडून साधारण १० प्रसंग ऐकायचे, शक्यतो वेगवेगळ्या माणसांबरोबरचे. प्रत्येक प्रसंगाचे ३ रकाने करायचे: मला समोरच्याकडून काय हवं होतं, समोरच्याने काय केलं (किंवा तो काय करणार असं मी धरून चाललो), आणि मग मी काय केलं, मला काय वाटलं.

समजा, म्हापशाच्या एका कचेरीत काम करणारी चाळिशीतली बाई आहे. साहेबाने कामाची दखल घ्यावी असं तिला वाटतं. तो फाइलमधून मान वर न काढता "ठेवा तिथे" म्हणतो. ती गप्प बसते आणि शेजारच्या टेबलावरचं कामही अंगावर घेते. घरी, ताप असताना नवऱ्याने विचारपूस करावी असं वाटतं. तो मोबाइलमध्ये असतो. ती उठून चपात्या लाटते. मैत्रीण वाढदिवस विसरते, तर ही तिच्या मुलाच्या बारशाची सगळी तयारी करून देते. आणि तीन महिन्यांनी एखाद्या फुटलेल्या कपावरून अशी भडकते की घर हादरतं. लोक म्हणतात, तापट आहे.

हे प्रसंग शेजारी-शेजारी मांडले की दिसतं: पहिला रकाना तिने कधी कुणाला ऐकूच दिलेला नाही. तिला ताप आल्याचं नवऱ्याला ठाऊक तरी होतं का, हा प्रश्नसुद्धा तोवर कुणी विचारलेला नसतो. पुढची वाट इथून सुरू होते.

डिचोलीकार | सोमवार, रात्री १०.५२

छान मांडलंत पर्वरीकर. पण मग हे वहीत स्वतःलाही करता येईल. तासाचे पैसे कशाला मोजायचे?

आबोली_के | मंगळवार, सकाळी ७.१५

वहीचा उपयोग आहेच, डिचोलीकारबाब. पण वही लिहिणारं मन आणि लपवणारं मन एकच असतं. पर्वरीकरांच्या उदाहरणातली बाई स्वतः लिहायला बसली तर "नवरा बेफिकीर, साहेब उद्धट, मैत्रीण स्वार्थी" एवढंच लिहील. तिसरा रकाना तिला दिसणारच नाही, कारण गप्प राहून राबणं तिच्या लेखी "वागणं" नाहीच, तो चांगुलपणा आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. हा साचा थेरपीच्या खोलीतही उभा राहतो. ही बाई थेरपिस्टसाठीही शहाणी रुग्ण होणार. वेळेआधी येणार, बाहेर पाऊस असला तरी. "तुमचा वेळ घेतेय" म्हणत राहणार. थेरपिस्ट दोन आठवडे रजेवर गेला तर "काही हरकत नाही" म्हणणार आणि परतल्यावर पहिलाच तास चुकवणार. याला ट्रान्सफरन्स म्हणतात: जुन्या नात्यांतल्या अपेक्षा आणि भीती आजच्या माणसावर चढवणं. वहीवर कुणी रागावत नाही, वही रजेवर जात नाही.

चांगला थेरपिस्ट तिथे एवढंच विचारतो, "मी रजेवर गेलो तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल, याबद्दल आपण बोललोच नाही." ती आधी हसून उडवून लावते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला म्हणते, "राग आला होता." समोरचा माणूस दुखावला जात नाही, सोडूनही जात नाही, उलट नीट ऐकून घेतो. सुरंगी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. कारण कळण्यापेक्षा राग व्यक्त करूनही नातं टिकतं हा अनुभव माणसाला हलवतो. आणि तो एकदा मिळून भागत नाही.

ब्रिटिश मनोविश्लेषक डेव्हिड मालन यांचे दोन त्रिकोण या कामासाठी फार उपयोगी आहेत. पहिल्याची टोकं: खरी भावना, ती वर आली तर काय होईल ही भीती, आणि ती झाकण्यासाठी केलेला बचाव. दुसऱ्याची टोकं: आजची माणसं, थेरपिस्ट, आणि आई-वडील वगैरे पूर्वीची माणसं. "माझ्यावरचा राग झाकलात, परवा साहेबावरचाही झाकलात, आणि लहानपणी बाबांसमोर तर तो दाखवायची सोयच नव्हती": हे एक वाक्य बोलता यावं म्हणून कित्येक तास जातात. पहिल्याच भेटीत कुणी हे सुनावलं तर ते बरोबर असूनही वाया जातं.

विवेकी_फोंडा | मंगळवार, दुपारी १.०५

मतभेद नोंदवतो. मराठी वाचकांना विवेकनिष्ठ उपचारपद्धती चांगली परिचयाची आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ पासून मांडली, आणि ते स्वतः मनोविश्लेषण (फ्रॉइडची मूळ पद्धत, जिच्यातून सायकोडायनॅमिक थेरपी निघाली) सोडूनच तिकडे वळले होते. "माझी दखल घेतलीच पाहिजे" हा हट्ट पकडायचा, "घेतली तर बरं" इथवर आणायचा, घरी गृहपाठ करायचा. १२-१५ भेटींत काम होतं. आपल्या गोव्यातच संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्यासाठी ६ ते ८ भेटींचा कार्यक्रम राबवला. समुपदेशक कुणी डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती, आणि चाचणीत फायदा सिद्ध झाला. मग मनोविश्लेषकाकडे आडवं पडून बोलायचा तो कोच वर्षभर का झिजवायचा?

पर्वरीकर | मंगळवार, रात्री ९.१०

विवेकी, तो कार्यक्रम गोव्याला अभिमान वाटावा असाच आहे. पण त्याचा प्रश्न वेगळा होता. नैराश्यात माणूस हालचाल थांबवतो, माणसं टाळतो. त्याला पुन्हा छोट्या-छोट्या कामांकडे आणि माणसांकडे आणणं हा त्या उपचाराचा गाभा. ज्याला सकाळी उठवत नाही त्याला आधी तेच द्यावं, त्रिकोण काढत बसू नये.

सुरंगीने विचारलेला माणूस वेगळा आहे. त्याचं काम चालू आहे, झोप ठीक आहे, पण तिसरं नातं त्याच वळणावर मोडलं आहे. त्याला "हट्ट सोड" हे पटतंसुद्धा. पटूनही हातून तेच घडतं, तिथे ही पद्धत कामाची.

आणि वर्षभर लागतंच असं नाही. डायनॅमिक इंटरपर्सनल थेरपी हा प्रकार १६ तासांचा आहे. पहिल्या ४ तासांत प्रसंग ऐकून एकच साचा निवडतात, मधल्या ८ तासांत फक्त त्यावर काम, शेवटचे ४ निरोपासाठी. दीर्घ उपचार म्हणजे संशोधनाच्या व्याख्येत किमान १ वर्ष किंवा ५० तास. आठवड्यातून एकदा, ४५-५० मिनिटं, खुर्चीत समोरासमोर. कोच आणि आठवड्याचे ४-५ दिवस हे पूर्ण मनोविश्लेषणात, तो वेगळा मामला.

पुराव्याबद्दल. नैराश्य, चिंता, व्यक्तिमत्त्वाचे विकार यांवर या उपचाराच्या नियंत्रित चाचण्या झालेल्या आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोनाथन शेडलर यांच्या २०१० च्या लेखाचा एक मुख्य मुद्दा असा की उपचार संपल्यावरही सुधारणा वाढत राहते. त्यावर टीकाही झाली, ती वाचावी. मला जास्त मोलाचा वाटतो नॉर्वेतला ह्योग्लेंड यांचा अभ्यास, २००६ चा. १०० रुग्ण, १ वर्ष. निम्म्यांच्या उपचारात थेरपिस्ट आणि रुग्ण यांच्यातल्या नात्याबद्दल उघड बोललं गेलं, निम्म्यांत ते टाळलं. अंदाज असा होता की ज्यांची नाती आधीच डळमळीत त्यांना हे झेपणार नाही. झालं उलट. त्यांनाच त्याचा जास्त फायदा झाला.

कांदोळीचो_वारो | मंगळवार, रात्री ११.३०

थोडं विषयांतर, पण इथे जागा आहे. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी दोन्ही हात पुढे पसरलेला पुतळा आहे, तो आबे फारिया यांचा. जन्म १७५६, कांदोळीचा. १८१३ पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग करत. त्या काळी सगळे म्हणत, संमोहकाच्या अंगातून चुंबकासारखा प्रवाह निघतो. फारियांनी ठामपणे सांगितलं की माझ्या अंगात काही नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. पुढे फ्रान्समधल्या नान्सी शहरातल्या डॉक्टरांनी हाच धागा पुढे नेला आणि १८८९ मध्ये तरुण फ्रॉइड नान्सीला जाऊन तो बघून आले. नंतर संमोहन सोडून "मनात येईल ते बोला" इथे आले.

बाणावलीत अनेक वर्षं राहिलेले मनोविश्लेषक सुधीर कक्कर २०२४ मध्ये गेले. भारतीय रुग्ण थेरपिस्टमध्ये गुरू शोधतो आणि कुटुंबाची जवळीक हा इथे आजार नाही, हे त्यांनी आयुष्यभर मांडलं. पाश्चात्त्य पुस्तकातून "आईपासून वेगळे व्हा" असा सल्ला उचलणाऱ्यांनी त्यांना जरूर वाचावं.

सत्तरीकन्या | बुधवार, सकाळी ८.२०

कक्करांचा मुद्दा पुढे नेते. गोव्यात वडील बोटीवर किंवा आखातात, घरात आई आणि आजी, हे चित्र घरोघरी. तारवटी बाप सहा-आठ महिने समुद्रावर. म्हणजे "वडील दूर, म्हणून दूर राहणाऱ्या पुरुषाचीच ओढ" हे सूत्र लावून मोकळं व्हायचं का?

आबोली_के | बुधवार, सकाळी १०.४०

अजिबात नाही, आणि हे विचारलंस ते बरं केलंस. सूत्र लावणं हा या क्षेत्रातला सर्वात मोठा रोग आहे. वडील बोटीवर होते ही फक्त परिस्थिती. त्या मुलाने त्याचा काय अर्थ लावला ते शोधायचं असतं. एका घरात आई रोज त्यांच्याबद्दल बोलते, फोनवर मुलांना आधी बोलू देते. तिथे बाप दूर असूनही घरात असतो. दुसऱ्या घरात त्यांचा विषय काढला की आई रडते, म्हणून मूल विषय काढणं सोडतं. तिथे मूल शिकतं ते "आठवण आली तरी बोलायचं नाही, आई मोडेल". चाळिशीत त्याची बायको म्हणते, हा मनातलं काही सांगतच नाही.

आणि बापाचं परतणंही विसरू नका. सहा महिने आईच्या शेजारी झोपणारं मूल एका रात्रीत बाहेरच्या खोलीत जातं. ज्याची वाट पाहिली त्याचाच राग येतो. हे बोलायला घरात शब्द नसतात. एकाच घरातल्या दोन भावंडांत हे वेगवेगळं उतरतं, म्हणून थेरपिस्टने आपला अंदाज हा अंदाज म्हणूनच पुढे ठेवायचा असतो.

माटोळी | बुधवार, दुपारी १२.०५

माटोळीला (गणपतीवर फळं-भाज्या टांगायची चौकट) काय कुठे बांधायचं यावर दोन भावांचं पहिल्या झटक्यात एकमत झालं की समजायचं, थेरपी यशस्वी! :)

केपेकर_वकील | बुधवार, दुपारी ३.३०

हसलो. पण एक गंभीर इशारा. नवरा मारतो, पैसे काढून घेतो, घराबाहेर जाऊ देत नाही, अशा ठिकाणी "तू पुन्हापुन्हा असाच माणूस का निवडतेस" हा प्रश्न क्रूर आहे. तिथे आधी सुरक्षितता. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. साच्याचा विचार नंतर, ती सुरक्षित झाल्यावर आणि तिची इच्छा असेल तर.

आबोली_के | बुधवार, सायंकाळी ६.१५

शंभर टक्के सहमत. तसंच तीव्र मनोविकृती, उन्माद, आत्महत्येचे ताजे विचार, रोजची दारू, यांतही आधी स्थिरता लागते, हा उपचार नंतर. तातडीच्या वेळी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

उपचार कुठे बिघडतो तेही लिहिते. सगळ्यात जास्त आढळतं ते असं: माणूस स्वतःबद्दल सुंदर व्याख्यान देतो. "माझं बालपण असं, म्हणून माझी असुरक्षितता अशी." आवाज सपाट, डोळे कोरडे. ही समज स्वतःच बचाव झालेली असते. थेरपिस्टने तिथे आणखी अर्थ पुरवू नये, "हे सांगताना आत्ता काय होतंय?" असं विचारावं.

दुसरं, महत्त्वाची गोष्ट शेवटच्या ५ मिनिटांत निघते. दाराशी उभं राहून, "हां, आणि परवा घटस्फोटाबद्दल बोललो." तास वाढवायचा नसतो. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करायचं आणि ती शेवटी का आली हेही बघायचं.

तिसरं, नवी समज घेऊन माणूस थेट आई-वडिलांवर चाल करतो. सत्तरी ओलांडलेल्या आईला सणाच्या दिवशी "तू मला असं घडवलंस" सुनावतो. ती गडबडते, चिडते आणि याला जुनाच अनुभव नव्याने मिळतो. ते बोलणं आधी खोलीत पुरतं व्हायला हवं. पुष्कळदा त्यानंतर घरी बोलायची गरज उरत नाही, किंवा वेगळंच काही बोलावंसं वाटतं.

चौथं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात "आता बरं वाटतंय" म्हणून अचानक थांबणं. पुष्कळदा त्याच्या आदल्या तासात काहीतरी दुखरं हाती लागलेलं असतं. थांबायचा हक्क तुमचाच, पण ते फोनवर कळवू नका, एका तासात बसून बोला.

डिचोलीकार | बुधवार, रात्री ९.५०

आता व्यवहाराचं कुणीतरी सांगा. गोवा एवढासा. थेरपिस्ट मावसभावाचा वर्गमित्र निघाला तर? आणि भाषा? घरी कोंकणी, शाळा मराठीत, थेरपिस्ट इंग्रजीवाला.

पर्वरीकर | बुधवार, रात्री ११.००

दोन्ही प्रश्न खरे आहेत.

ओळखीचं पहिल्याच भेटीत विचारायचं: आपल्या ओळखीची समान माणसं कोण? बाजारात किंवा जत्रेत भेटलो तर तुम्ही ओळख दाखवणार का? (पुष्कळ जण रुग्णाने आधी दाखवली तरच दाखवतात.) जवळचं नातं किंवा व्यवहार निघाला तर चांगला थेरपिस्ट स्वतःच दुसरीकडे पाठवतो. गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. अपवाद असतात, उदाहरणार्थ जिवाला धोका, ते आधीच विचारून घ्या. ऑनलाइन तास हा एक पर्याय, मात्र घरात दार लावून बसता येईल अशी जागा हवी. आपल्या घरांत ती मिळणं हेच मोठं काम. काही जण गाडीत बसून तास करतात. चालतं, गाडी उभी हवी.

भाषेचं म्हणजे, तिन्ही वापरू द्यात का, असं सरळ विचारा. लहानपणचा ओरडा ज्या भाषेत खाल्ला ती भाषा आली की आवाज बदलतो. तोच प्रसंग इंग्रजीत सांगितला की बातमी वाचल्यासारखा सपाट निघतो. रडू येईल असं वाटताच माणूस कोंकणीतून इंग्रजीत उडी मारतो, आणि ती उडी लक्षात येणं हा उपचाराचाच भाग. थेरपिस्टला भाषा येत नसेल तरी ते वाक्य आधी मूळ भाषेत बोलून घ्या, मग अर्थ सांगा.

निवडताना: चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते बघा. सायकोडायनॅमिक प्रशिक्षण कुठे, किती वर्षं, आणि सध्या वरिष्ठांचं पर्यवेक्षण आहे का, हे विचारा. या प्रश्नांनी दुखावणारा थेरपिस्ट नको. फी, रजा, चुकलेल्या तासाचे पैसे सुरुवातीलाच ठरवा. खर्च झेपत नसेल तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात आधी तपासणी करून घ्या. निदान झालं की पुढे कुठला उपचार हवा ते तिथे विचारता येतं. सरकारी गर्दीत दर आठवड्याला ५० मिनिटं मिळतीलच असं धरू नका.

विवेकी_फोंडा | गुरुवार, सकाळी ९.२५

बरंच पटलं. एक आग्रह मात्र कायम: किती काळाने आणि कशावरून ठरवायचं की उपयोग होतोय? नाहीतर माणूस पाच वर्षं जात राहील.

सुरंगी | गुरुवार, सकाळी ९.४०

हेच विचारायला आले होते. चवथीला तिसऱ्या दिवशी तेच झालं, तर मग थेरपी फसली म्हणायची का?

आबोली_के | गुरुवार, दुपारी २.१०

नाही, सुरंगी. साचा नाहीसा होत नाही, तो लवकर ओळखू येऊ लागतो. आधी भांडण झाल्यावर दोन दिवसांनी लक्षात येतं, "पुन्हा तेच केलं." काही महिन्यांनी ऐन भांडणात लक्षात येतं, तोंड मात्र थांबत नाही. हा काळ फार त्रासाचा, कारण दिसतंय आणि जमत नाहीये. पुष्कळ जण इथेच सोडतात. नंतर कधीतरी भडका उडण्याआधी पोटात गोळा येतो तेव्हाच कळतं आणि माणूस वेगळं काही करून बघतो. तुझ्या उदाहरणातली समजूत काढत फिरणारी बहीण एका वर्षी उठतच नाही, पाटावर बसून जेवण पुरं करते. बाहेरून बघणाऱ्याला काही घडलंसं वाटणारही नाही. घरचे मात्र अस्वस्थ होतात, कारण तिची भूमिका रिकामी राहिली. "बदललीस हो तू" असा टोमणाही येतो. त्या तयारीसाठीही तास लागतात.

विवेकींचा आग्रह योग्यच. सुरुवातीला लेखी ठरवा: कुठला साचा, कुठल्या २-३ नात्यांत बदल हवा. दर ३ महिन्यांनी त्यावर एक पूर्ण तास. ६ महिन्यांत तेच प्रसंग त्याच शब्दांत सांगितले जात असतील, थेरपिस्टवर कधी राग आला नाही, कधी असहमती झाली नाही, सगळं छान चाललंय, तर शंका घ्या आणि ती त्यालाच बोलून दाखवा. उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

संपवायची तारीख किमान महिना-दोन महिने आधी ठरवा. शेवटच्या तासांत जुना त्रास पुन्हा उसळतो, काही जण उशिरा येऊ लागतात, काही नवाच प्रश्न आणतात. निरोप जवळ आल्याची ती खूण. १६ तासांच्या पद्धतीत थेरपिस्ट निरोपाचं पत्र लिहितो: कुठला साचा सापडला, काय बदललं, काय राहिलं. दीर्घ उपचारातही असं पत्र मागायला हरकत नाही.

सत्तरीकन्या | गुरुवार, दुपारी ३.००

नैराश्याच्या गोळ्या सुरू असतील तर हे चालतं का? की आधी त्या बंद करायच्या?

पर्वरीकर | गुरुवार, दुपारी ३.२०

चालतं, दोन्ही एकत्र पुष्कळदा दिलं जातं. गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, एकदम तर मुळीच नाही. ज्यांनी लिहून दिल्या त्या डॉक्टरांना थेरपी सुरू केल्याचं सांगा आणि दोघांनी एकमेकांशी बोलायला तुमची लेखी परवानगी द्या. गोळी बंद करावीशी वाटली तर तेही खोलीत आधी बोला. कधी-कधी ती इच्छा नेमकी थेरपिस्टच्या रजेच्या आठवड्यात येते.